पदवीपत्रावरची सही

मूल्यांकनाच्या फायली लावायचे काम निघाले की आमच्या राहात्यातल्या घरातले जुने कागद उजेडात येतात. यंदा एम.ए.चे पदवीपत्र काढले, तेव्हा शेजारी बसलेल्या प्राणिशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "सर, ही सही कोणाची, ठाऊक आहे ना? आमच्या विषयात या नावाची एक पद्धतच आहे."

सही कुलगुरू डॉ. अशोक कोळस्कर यांची होती. या शतकाच्या आरंभी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, एवढेच आम्हांस ठाऊक. मॅडमनी दुसऱ्या दिवशी कोळस्कर आणि टोणगावकर यांचा एक निबंध आणून दिला. 1990 साली 'फेब्स लेटर्स' या नियतकालिकात आलेला, पाने अवघी तीन.

मराठीच्या माणसाला त्यातले कळावे किती? पण गाभा कळला, तो छंदशास्त्रामुळे. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांनी ओवलेली माळ. तिचा कोणता तुकडा शरीराची प्रतिपिंडे ओळखतील, हे प्रयोगाआधी सांगायचे आहे. त्यासाठी आपण अक्षराला लघु-गुरू मात्रा देतो, तसा प्रत्येक आम्लाला एक अंक द्यायचा, सात-सात घटकांची सरासरी काढत पुढे सरकायचे, आणि सरासरी जिथे चढते तिथे खूण करायची. सिस्टीन, ल्यूसीन, व्हॅलीन ही पाण्यापासून दूर राहणारी आम्ले. ती पृष्ठभागावर आलीच, तर ती जागा ओळखली जाण्याचा संभव अधिक, असे लेखकांना आढळले. पद्धत सुमारे 75 टक्के अचूक आहे, असे त्यांनी स्वतःच नोंदवले. चौथा हिस्सा चुकणार, याची ती कबुलीच होती.

या तीन पानांची उद्धरणे आज हजाराच्या कितीतरी पुढे गेली आहेत. 2020 च्या साथीत करोना विषाणूच्या प्रथिनांवरही ती पद्धत जगभर चालवली गेली. संगणकावरच्या साधनांत ती एक पर्याय म्हणून बसली आहे; निवडली की उत्तर येते, आणि निबंधाचे नाव संदर्भांत जाते. त्या हजारोंपैकी मूळ तीन पाने वाचली किती जणांनी? उद्धरण वापर मोजते, वाचन नव्हे. गंमत अशी, की हर्श यांनी 2005 साली मांडलेल्या एच-निर्देशांकात असा एक निबंध, हजारदा उद्धृत झाला तरी, फार तर एकाचीच भर घालतो.

आमच्या फायलीतही 'उद्धरणे' असा रकाना आहे. तिथे आम्ही शून्य लिहिले. दिवाळी अंकातला लेख वाचून कोणी पत्र धाडले, कोणी तो वर्गात वाचून दाखवला, तरी तो या गणतीत येत नाही. दोन दिवस हीच तक्रार घोळवत होतो. मग वाटले, मोजणाऱ्याला बोल लावण्याआधी आपण काय करतो ते पाहावे. मराठी समीक्षेत आपण एकमेकांचे विचार सर्रास घेतो. नाव मात्र 'काही अभ्यासकांच्या मते' या तीन शब्दांत बुडवतो. दुसऱ्याने तपासून पाहावे, चुकले तर चुकले म्हणावे, असे तीन पानांचे विधान तरी आम्ही कधी केले?

आपल्याच जिल्ह्यात, नेवाशात, ज्ञानेश्वरांनी गीतेवर लिहिताना आधीच्या भाष्यकारांचे ऋण मोकळेपणी मान्य केले. त्यांना कोणता रकाना भरायचा नव्हता.

आमच्या एका जुन्या लेखातला मुख्य मुद्दा मुळात आमचा नव्हता; एम.ए.ला शिकवणाऱ्या गुरुजींच्या तासातला होता. आम्ही तो नाव न घेता वापरला होता. तो लेख आता पुस्तकात जातो आहे. मुद्रितशोधनाची पाने कालच आली. पहिल्याच पानाच्या तळाशी त्यांचे नाव घातले. फायलीतले शून्य तसेच ठेवले आहे.