कमरेवरची काडतुसं

ट्रॅप नेमबाजी शिकायला नव्याने आलेली मुलं बंदुकीबद्दल खूप विचारतात. नळी किती लांब हवी, दस्ता कुणाकडून बसवून घ्यावा, चष्म्याची काच कुठल्या रंगाची घ्यावी. काडतुसं अंगावर कुठे ठेवायची, हे सहसा कुणी विचारत नाही. दिल्लीत तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर सरावाला जायला लागल्यापासून माझं मत पक्कं होत गेलं आहे, की बंदुकीखालोखाल महत्त्वाची वस्तू कोणती असेल तर ती कमरेवरचा पाऊच.

आधी वजनाचा हिशेब. ट्रॅपच्या एका राउंडमध्ये २५ क्ले, म्हणजे नेम धरायच्या चकत्या, उडतात आणि प्रत्येकावर दोन बार काढायची मुभा असते. म्हणजे जास्तीत जास्त ५० काडतुसं. हात बसलेला नेमबाज तीस-पस्तिसात भागवतो, पण शिकणाऱ्याला दोन पूर्ण डबे अंगावर घ्यावेच लागतात. बारा बोअरच्या स्पर्धेच्या काडतुसात २४ ग्रॅम छर्रे असतात. दारू, वॅड, प्लॅस्टिकची खोळ आणि पितळी बूड धरून एक काडतूस पस्तीसएक ग्रॅमचं होतं. पन्नास झाली की पावणेदोन किलोच्या आसपास ओझं.

हे ओझं मी सुरुवातीला व्हेस्टच्या खिशांत वागवत असे, कारण बहुतेक जण तसंच करतात. व्हेस्ट लटकते खांद्यांवरून. खिसे भरले की ती खाली ओढली जाते, आणि दस्ता जिथे टेकतो तो खांद्यावरचा भागही तिच्याबरोबर सरकतो. राउंड पुढे जाईल तसे खिसे हलके होतात आणि व्हेस्ट पुन्हा वर येते. म्हणजे पहिल्या क्लेला बंदूक जिथे लागली, तिथेच ती पंचविसाव्याला लागेल याची खात्री नाही. बायकांना तर हा त्रास जास्तच. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच व्हेस्ट पुरुषांच्या मापाच्या. त्यांचे खिसे माझ्या मांडीपर्यंत येत. आमच्या सरांनी एक दिवस रुंद तोंडाचा पाऊच आणि जाड पट्टा हातात ठेवला. वजन कमरेवर गेलं आणि खांदा मोकळा झाला. त्यानंतर मी व्हेस्टच्या खिशात काडतूस ठेवलेलं नाही.

पाऊच उजव्या कुल्ह्यावर, किंचित मागे. अगदी पुढे घेतला तर कंबर वळवताना अडतो, फार मागे गेला तर हात शोधत बसतो. माझ्या पाऊचला दोन कप्पे आहेत. काही नेमबाज पहिल्या बाराला बारीक छर्रे आणि दुसऱ्याला जरा जाड वापरतात, कारण दुसऱ्या बारापर्यंत क्ले लांब गेलेला असतो. त्यांना हे दोन कप्पे सोन्यासारखे. मी दोन्हीला एकच काडतूस वापरते, म्हणून दुसरा कप्पा रिकाम्या खोळींसाठी. भरलेलं आणि झाडलेलं काडतूस एकाच ठिकाणी कधीही ठेवू नये. आधीच्या नेमबाजाचा निकाल लागल्यापासून आपल्याला क्ले मागायला १२ सेकंद मिळतात. त्यात बोटांना रिकामी खोळ लागली की हात पुन्हा आत जातो, जिथून क्ले उडतात त्या बंकरवरून डोळे हटतात, आणि मन तर त्याहून आधी हटतं.

काडतुसं घरी ओळीने रचून आणायची गरज नसते. ती सुटीच असावीत, पण पाऊचचं तोंड ताठ, उघडं राहणारं हवं. बोटांना पितळी कड लागते, दोन काडतुसं एकत्र उचलली जातात. स्टेशनवरून स्टेशनवर जाताना बंदूक उघडी आणि रिकामी असते, काडतूस नळीत जातं ते आपल्या जागी उभं राहिल्यावरच. ही हालचाल मी घरी डमी काडतुसांवर घटवली, खऱ्या काडतुसांवर नाही.

आमच्या आजोबांकडे चामडी घरांचा काडतुसांचा पट्टा होता, १९७२ च्या वन्यजीव कायद्याआधीचा. दिसायला फार देखणा, पण सरावाला निरुपयोगी. प्रत्येक काडतूस ओढून काढावं लागतं, आणि तिथेच राहिलं तर चामड्यामुळे पितळेवर हिरवी पुटं चढतात. असं काडतूस नळीत अडकू शकतं.

ज्याबद्दल मी कुणाशीही हुज्जत घालायला तयार आहे, ती गोष्ट वेगळीच. पाऊचमध्ये एकाच बोअरची काडतुसं असावीत. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत टाकलं तर ते घसरत पुढे जाऊन अडकतं. नळी रिकामी दिसते, मागून बाराचं बसतं, आणि ते झाडलं की नळी फुटते. वीस बोअरची खोळ पिवळी ठेवण्याची पद्धत याच भीतीतून आली. मैत्रिणीची बंदूक वीसची असेल तर तिची काडतुसं ‘जरा धर’ म्हणून सुद्धा आपल्या पाऊचमध्ये घेऊ नका. नातं बिघडलं तरी चालेल.

उन्हाळ्यात उरलेले डबे सावलीत ठेवा. तापलेल्या दारूचा दाब वाढतो आणि बंदुकीचा धक्काही बदलतो.

शेवटचं सांगणं विमानाने घरी परतणाऱ्यांसाठी. परवान्यासह, विमान कंपनीला आधी कळवून, काडतुसं चेक-इन सामानातून नेता येतात, तीही माणशी पाच किलोंपर्यंतच. हातातल्या बॅगेत मात्र विसरलेलं एक काडतूस सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली पोलिस केस होऊ शकते. रेंज सोडताना पाऊच, व्हेस्ट, बॅगेचे छोटे कप्पे, पावसाळी जॅकेट, सगळं उलटं करून झटका. विमानतळावर जाताना पाऊच आणि व्हेस्ट हातातल्या सामानात घेऊच नका.