अंगणांतली नौका

आपल्या पांढरपेशा कुटुंबांत हातानें कांहीं घडविण्याविषयीं एक चमत्कारिक उदासीनता आहे. नौकाशास्त्रावरचा जुना ग्रंथ हातीं आला तर आपण तो आदरानें वाचूं. पण घरांतला तरुण मुलगा रंधा घेऊन अंगणांत उतरला, कीं ‘ह्याला दुसरा उद्योग नाहीं काय?’ असें चार तोंडांनीं विचारलें जातें. आमच्या घरीं सबंध आठ महिने हा प्रश्न नित्य ऐकूं येत होता. माझ्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव एका संगणकाच्या कंपनींत चांगल्या पगारावर आहेत. त्यांनीं एके दिवशीं जाहीर केलें कीं, आपण अंगणांत सोळा फूट लांबीची होडी बांधणार. आणि दुसऱ्या रविवारीं लांकूड येऊन पडलेंही.

ही होडी म्हणजे आपल्या नदीवरची नावाड्याची नाव नव्हे. तिला कॅनू म्हणतात. दोन्ही टोकें निमुळतीं, शीड नाहीं, सुकाणूं नाहीं. एकदोघांनीं आंत बसून हातांतल्या वल्ह्यानें चालवावयाची. भूर्जवृक्षाच्या सालीवर आपल्याकडे काश्मिरांत पोथ्या लिहिल्या गेल्या. त्याच कुळांतील वृक्षाच्या सालीची उत्तर अमेरिकेंतील मूळ रहिवासी अशी नौका करीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कॅनडांतील पीटरबरो येथील कारागिरांनीं सालीऐवजीं लांकडाच्या अरुंद पट्ट्या जोडण्याची रीत काढली. पुढें इपॉक्सी नांवाची राळ आणि कांचतंतूंचें कापड हातीं आल्यावर ती घरगुती माणसासही साधूं लागली. टेड मूर्स ह्या कॅनेडियन कारागिराचें ह्या विषयावरील पुस्तक १९८३ सालीं निघालें. आमच्या पुतण्यानें तें पोथीसारखें उशाशीं ठेविलें होतें.

रीत ऐकावयास सोपी आहे. एका सरळ तुळईवर फूट-फूट अंतरानें प्लायवुडचे सांचे उभे करावयाचे. प्रत्येक सांचा म्हणजे होडीच्या त्या त्या ठिकाणच्या पोटाचा आकार. ह्या पालथ्या सांगाड्यावर पाव इंच जाडीच्या व पाऊण इंच रुंदीच्या पट्ट्या एकीला एक भिडवून बसवावयाच्या. पट्टीची एक कड फुगीर व दुसरी तितकीच खोलगट केलेली असते; त्यामुळें वळणावरही फट पडत नाहीं. कडेला सरस लावून, तो वाळेपर्यंत पट्टी बारीक टांचण्यांनीं सांच्यास धरून ठेवावयाची आणि मग टांचण्या उपटून काढावयाच्या. एका संध्याकाळीं चार, फार तर सहा पट्ट्या होत. सर्व पट्ट्या बसल्यावर रंधा आणि मग पॉलिशकागद. हें काम मात्र संपतां संपत नाहीं. शेवटीं आंतून-बाहेरून कांचतंतूंचें कापड घालून त्यावर राळ चढवावयाची. कापड राळ पितांच पारदर्शक होतें आणि खालचें तांबूस लांकूड उजळून निघतें, तो क्षण पाहण्यासारखा असतो. सांचे काढून घेतले कीं उरतें तें केवळ कवच. दोन माणसांनीं सहज उचलावें इतकें हलकें.

सीडर म्हणतांच संस्कृत शिकलेल्या माणसास देवदारु आठवतो. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गांत शंकरानें पुत्र मानलेला व पार्वतीनें स्वतः पाणी घालून वाढविलेला वृक्ष तो हाच. पण होडीस लागतो तो वेस्टर्न रेड सीडर हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील निराळ्याच कुळांतला वृक्ष असून केवळ नांवापुरता देवदार आहे. सागाचें घनफुटाचें वजन चाळीस पौंडांच्या घरांत, तर ह्याचें अवघें तेवीस. मला ह्यावरून भोजराजाच्या नांवावर असलेला ‘युक्तिकल्पतरु’ आठवला. त्यांत लांकडाचे चार वर्ण सांगितले आहेत : हलकें, मऊ व सहज सांधतां येणारें तें ब्राह्मण, हलकें पण कठीण व न सांधणारें तें क्षत्रिय, मऊ व जड तें वैश्य, कठीण व जड तें शूद्र. ह्या हिशेबानें रेड सीडर ब्राह्मण ठरतो. मीं ही गंमत सांगतांच आमच्याकडे हत्यारांना धार लावून द्यावयास येणारे सुतारमिस्त्री हंसून म्हणाले, “गुरुजी, म्हणूनच तें फार नाजूक आहे, नख लागलें तरी वण पडतो!” ग्रंथांतलें लक्षण आणि हाताचा अनुभव असे एका वाक्यांत भेटलेले मीं पूर्वीं पाहिले नव्हते. वर्णाची भाषा आपण आतां टाकून द्यावी. पण हलकेपणा, काठिण्य व सांधण्याची सोय हीं तीन लक्षणें धरून लांकडाची पारख करणारी दृष्टि आजही खरी आहे.

त्याच ग्रंथांत नौकेचा तळ लोखंडानें जोडूं नये, समुद्रांतील चुंबक तिला ओढून घेईल, असें म्हटलें आहे. कारण कल्पित असलें तरी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर काथ्यानें शिवलेलीं गलबतें शतकानुशतकें चाललीं हें सत्य आहे. अजिंठ्याच्या चित्रांतील जहाजावरून गोव्यांत बांधलेली ‘कौंडिण्य’ ही शिवण-नौका मे २०२५ मध्यें आरमारांत दाखलही झाली.

इतकें सर्व ऐकून बंधूंचा विरोध मावळला, विशेषतः ‘म्हादई’ची हकीकत कळल्यावर. गोव्यांतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर ह्यांनीं बांधलेल्या ह्या छप्पन्न फुटी नौकेचें अंगही रेड सीडरच्या पट्ट्या, इपॉक्सी व कांचतंतू ह्यांचेंच. निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी ह्यांनीं ध्यास घेतला आणि कमांडर दिलीप दोंदे तिच्यावर एकटे बसून १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबईहून निघाले. मे २०१० मध्यें पृथ्वीप्रदक्षिणा करून ते परतले. शिडाच्या नौकेंतून एकट्यानें हें करणारे ते पहिले भारतीय. पुढें त्याच कारखान्यांत ‘तारिणी’ झाली, आणि २०१७-१८ सालीं तिच्यावरून आरमारांतील सहा स्त्रिया जग फिरून आल्या.

मातोश्रींवर मात्र ह्याचा कांहीं परिणाम झाला नाहीं. “तीं माणसें आरमारांतलीं, आपल्या घरांत नदी एकदां येऊन गेली तेवढी पुरे झाली,” असें त्या म्हणाल्या आणि होडीकडे पाठ करून बसल्या.

त्यांचें बोलणें अक्षरशः खरें होतें. १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यापुढें खडकवासल्याचेंही टिकलें नाहीं, आणि मुठेचें पाणी पेठांत शिरलें. लकडी पूल बुडाला. नारायण पेठेंतील आमच्या वाड्याच्या मातीच्या भिंती बसल्या. आजोबांचा पोथ्यांचा पेटारा गेला. मातोश्री तेव्हां बावीस वर्षांच्या, आणि मी दोन वर्षांचा. त्या दिवसापासून आमच्या घरांत पोहणें वर्ज्य झालें. आम्ही दोघे भाऊ पुण्यांत वाढलों, पण कधीं पाण्यांत उतरलों नाहीं; आमच्या मुलांचेंही तेंच.

पट्ट्या वरपर्यंत आल्या तेव्हां एका दुपारीं मीं मातोश्रींजवळ बसून विचारलें, “आई, त्या दिवशीं मला वाड्याबाहेर कोणी काढलें?”

“शेजारच्या बिऱ्हाडांतल्या मुलानें. तूं त्याच्या खांद्यावर होतास.”

“पाणी केवढें होतें?”

“त्याच्या गळ्याच्या वर. पोहतच नेलें त्यानें तुला.”

मीं पुढें कांहीं बोललों नाहीं. त्याही बोलल्या नाहींत. जपाची माळ हातांत तशीच राहिली. तीन-चार दिवसांनीं त्यांनीं नातवाला हांक मारली आणि म्हणाल्या, “बाळ, ज्याला पोहतां येत नाहीं त्यानें तुझ्या होडींत पाऊल टाकावयाचें नाहीं. घरांतल्या एकानेंही नाहीं. कबूल असेल तर पुढचें काम कर.”

त्या उन्हाळ्यांत आमच्या घरचीं पांच माणसें टिळक तलावावर पोहावयास शिकूं लागलीं. त्यांत सूनबाई होत्या आणि सहासष्टाव्या वर्षीं मीही होतों. शिकविणारा मुलगा माझ्या विद्यार्थ्यांच्या मुलांच्या वयाचा. तो मला ‘सर, श्वास सोडा’ असें सांगे, आणि मी आज्ञाधारकपणें सोडीत असें. तीन आठवड्यांनीं पाणी मला धरून ठेवतें हें कळलें, तेव्हां जो आनंद झाला तो पाणिनीचें एखादें अवघड सूत्र प्रथम उलगडलें तेव्हांच्या आनंदाहून कमी नव्हता.

होडी मुठेंत घालावी ही पुतण्याची मूळ इच्छा. संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ सालापासून आहे. पण सांडपाणी आणि जलपर्णी ह्यांनीं आमच्या नद्यांची जी दशा केली आहे ती पाहून त्यानें पवनेचा जलाशय निवडला. ज्या नदीच्या पुराला आपण भ्यालों तिलाच पुढें आपण गटार केलें, हा विचार मनाला बोंचतो. मातोश्री काठावर खुर्ची टाकून बसल्या. सर्वांनीं तरंगजाकिटें घातलीं आहेत ना, हें त्यांनीं एकेकाचे बंद ओढून पाहिलें, आणि मगच “जा” म्हणाल्या. होडी परत येईपर्यंत त्यांनीं तिच्यावरची नजर काढली नाहीं.

भीति ही कांहीं सर्वस्वीं वाईट नव्हे. ती पुष्कळदां खऱ्या दुःखांतून आलेली असते आणि वडीलधाऱ्यांच्या भीतीचा उपहास करणें हा कृतघ्नपणा होय. परंतु त्या भीतीचें घरांतल्या मुलांना आपण काय करून देतों, मनाई कीं शिक्षण, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबानें स्वतःस विचारावयाचा आहे. आमच्या घरीं चौसष्ट वर्षें मनाई चालली. तिच्या जागीं शिक्षण आणावयास एक सोळा फुटी होडी पुरली. ज्यांच्या अंगणांत एखादा मुलगा सध्यां रंधा घेऊन बसला असेल, त्यांनीं त्याला उद्योग विचारण्यापूर्वीं घटकाभर शेजारीं बसून पट्टी धरून पाहावी, एवढीच विनंति.