कागद आणि लाकूड

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर, नळदुर्गाच्या शेजारी आमचे अणदूर आहे. गाव खंडोबाचे. हा देव वर्षातील मोठा काळ अणदुरात राहतो आणि पौष पौर्णिमेच्या यात्रेसाठी नळदुर्गाजवळील मैलारपुरात जातो. देव नेताना आणि परत आणताना दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतात. बँकेतील अडतीस वर्षांच्या नोकरीत मी असंख्य करार हाताळले. पण देवाच्या येण्याजाण्याचाही कागद करणारी गावे दुसरी ऐकली नाहीत. सह्या करणारे एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात, तरीही कागद होतो.

याच गावातील आमच्या घरात आजोबांच्या काळचे एक सागवानी कपाट आहे. ते गावच्या सुताराने केले, त्याचा कागद मात्र कुठेच झाला नाही. सुताराचे घर चार घरे सोडून होते. कपाटाचे दार कुरकुरले असते तर आजोबा ओट्यावरूनच हाक मारणार होते. ज्या मालाचा करणारा आणि घेणारा यांच्यात समुद्र असतो, त्याची हाक कोणी कोणाला मारायची, हा प्रश्न मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, व्हिएतनाममध्ये, खऱ्या अर्थाने समजला.

तेथे जाण्याचे कारण माझा भाचा. गेली सात वर्षे तो हो ची मिन्ह शहरातील एका खरेदी कार्यालयात नोकरीस आहे. अमेरिका व युरोपातील दुकानदारांसाठी व्हिएतनामी कारखान्यांतून फर्निचर ठरवणे, ते तयार होत असताना पाहणे आणि जहाजावर चढण्यापूर्वी तपासून सही करणे, हे त्याचे काम. आपल्या भाषेत सांगायचे तर तो खरेदीदाराचा अडत्या. त्याचे कार्यालय मोबदला खरेदीदाराकडूनच घेते. दोन्हीकडून दलाली घेणारेही तेथे आहेत, जसे ते सगळ्याच बाजारांत असतात.

माझी थोरली बहीण, म्हणजे त्याची आई, सोलापुरास असते. तिला आम्ही आक्का म्हणतो. मुलगा लाकडाच्या व्यवसायात आहे हे तिला पहिल्यापासून खटकत होते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत वनकर्म आहे, हे तिला पाठ आहे. "तू बँकेत होतास, तुला व्यवहार कळतो. एकदा जाऊन बघून ये," असे ती म्हणाली आणि २०२४ च्या मार्च महिन्यात मी निघालो. मुंबईहून थेट विमान आहे. पाच-साडेपाच तासांत माणूस सायगावात उतरतो. जुनी माणसे आजही त्या शहराला सायगावच म्हणतात.

जेवणाची काळजी मी सोबत बांधून नेली होती. ती बरीचशी व्यर्थ ठरली. गल्लोगल्ली 'चाय' अशी पाटी दिसे आणि मला वाटे, येथे चहाचे दुकान असावे. पुढे कळले की त्यांच्या भाषेत हा शब्द शाकाहारासाठी आहे. बौद्ध परंपरेतील अनेक कुटुंबे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार करीत नाहीत आणि त्या दिवशी ही दुकाने भरून जातात. कित्येक ठिकाणी कांदा-लसूणही वर्ज्य असतो. गाजर आणि अळंबी मात्र सर्वत्र. ती बाजूला काढत जेवावे लागते. इतर उपाहारगृहांत माशांचा अर्क साध्या भाजीतही पडतो, म्हणून 'चाय' ही पाटी सोडून कोठेही बसू नये, असे जाणाऱ्यांस सांगून ठेवतो.

शहराच्या उत्तरेस बिन्ह दुओंग हा प्रांत होता. जुलै २०२५ मध्ये तो हो ची मिन्ह शहरातच विलीन झाला. फर्निचरचे कारखाने मुख्यतः तेथे आणि शेजारच्या दोंग नायमध्ये आहेत. बागेतील खुर्च्या-टेबलांसाठी मध्य किनाऱ्यावरील क्वी न्होन प्रसिद्ध आहे. हा धंदा तेथे फार जुना नाही. अमेरिकेशी व्यापार करार २००१ मध्ये अमलात आला आणि २००५ च्या जानेवारीत अमेरिकेने चिनी बनावटीच्या शयनगृहातील लाकडी फर्निचरवर डंपिंगविरोधी कर लावला. तेव्हा अनेक तैवानी कारखानदारांनी आपली यंत्रे उचलून दक्षिण व्हिएतनाममध्ये नेली. २००७ मध्ये देश जागतिक व्यापार संघटनेत आला. २०२४ मध्ये लाकूड आणि लाकडी वस्तूंची त्यांची निर्यात सुमारे १६ अब्ज डॉलरची होती आणि त्यातील निम्म्याहून अधिक माल एकट्या अमेरिकेत गेला. एकाच गिऱ्हाइकावर अर्धे दुकान चालणे कसे असते, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको.

लाकूड कोणते, हे मी आक्कासाठी मुद्दाम विचारून घेतले. स्वस्त मालात मुख्यतः बाभळीच्या जातीचे अकेशिया आणि रबराचे लाकूड. दोन्ही लागवडीचे. फ्रेंचांनी तेथे रबराचे विस्तीर्ण मळे लावले होते. याच प्रांतातील दाऊ तिएंगचा मळा टायर करणाऱ्या मिशेलिन कंपनीचा होता. रबराचे झाड पंचवीस-तीस वर्षे चीक देते, मग ते तोडून नवे लावतात. पूर्वी हे लाकूड जळणात जाई, कारण त्याला बुरशी आणि कीड फार लवकर लागते. आता ते कापल्याबरोबर बोरॉनच्या द्रावात दाबाखाली भिजवतात, भट्टीत वाळवतात आणि त्याची कपाटे होतात. "मामा, हे झाड आमच्यासाठी कोणी तोडत नाही, चीक आटला म्हणून तोडतात," असे भाचा म्हणाला. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण चित्र सर्वत्र इतके स्वच्छही नाही. बाहेरून आणलेल्या लाकडाच्या कायदेशीरपणाविषयी अमेरिकेने २०२० मध्ये व्हिएतनामविरुद्ध चौकशी सुरू केली होती आणि पुढच्या वर्षी करार झाल्यावरच ती मिटली. ओंडक्याबरोबर कागद असतो. तो त्याच ओंडक्याचा आहे की नाही, हे ओंडका सांगत नाही.

येथे मला माझ्या नोकरीतील एक प्रसंग सांगितला पाहिजे. १९९८ च्या सुमारास मी सोलापुरात परकीय चलन विभागात होतो. एका लाकूड व्यापाऱ्याने मलेशियाहून ओंडके मागवले. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पतपत्र, आमच्याच शाखेने उघडले होते. कागद आले: बिल, जहाजाची पावती, विमा, तपासणीचे प्रमाणपत्र. मी अक्षर अन् अक्षर तपासले, एकही चूक नव्हती, आणि पैसे गेले. माल आला तेव्हा निम्मे ओंडके आतून पोकळ निघाले. तो गृहस्थ माझ्यासमोर बसला होता आणि मी त्याला नियम सांगत होतो की बँक कागदांचा व्यवहार करते, मालाचा नाही. नियम खरा आहे. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या संहितेत तो तेव्हाही होता आणि २००७ पासून लागू असलेल्या सुधारित संहितेतही आहे. त्याशिवाय परदेशी व्यापार चालणारच नाही. पण दोन वर्षांत त्याची वखार विकली गेली. तपासणीच्या त्या प्रमाणपत्राखाली कोणाची सही होती, हे आज मला आठवत नाही. तेव्हाही मी नाव वाचले नसावे, फक्त सही आहे एवढे पाहिले असेल.

बिन्ह दुओंगमधील ज्या कारखान्यात भाचा मला घेऊन गेला, तेथे चार खणांची ४८० कपाटे खोक्यांत बांधून तयार होती. तपासणी कशी होते ते मी प्रथमच पाहिले. एवढ्या मालातून ५० नग काढायचे, तेही तपासणाऱ्याने स्वतः बोट दाखवून. मोठे दोष पाचपर्यंत चालतात, सहावा सापडला की सगळा माल नापास. जिवाला धोका असणारा दोष एकही चालत नाही. खोके उंचीवरून कोपऱ्यावर आपटतात. मग भाच्याने स्वतः जमिनीवर बसून, केवळ आतल्या सूचनापत्रावरून, एक कपाट जोडले. ग्राहकाला तेवढेच मिळणार असते. त्यानंतर खण भरून, उघडून, लहान मूल लोंबकळल्याएवढा भार दिला. अशी कपाटे अंगावर कोसळून अमेरिकेत मुले दगावली आहेत. म्हणून २०२२ मध्ये तेथे कायदा झाला आणि सप्टेंबर २०२३ पासून ही चाचणी बंधनकारक आहे. कपाट हलले नाही.

दोष निघाला तो ओलाव्यात. करारात १२ टक्क्यांची मर्यादा होती. मापकाच्या दोन सुया खणाच्या दर्शनी फळीत रुतवल्या की आकडा दिसतो. आठ नगांत तो १४-१५ च्या घरात होता. वरून पाहता फळी निर्दोष. पण हिवाळ्यात तिकडची घरे आतून तापवतात, हवा कोरडी होते, लाकूड आकसते आणि सांधा उकलतो. तोवर कपाट विकले गेलेले असते.

कारखान्याच्या मालकीणबाई पन्नाशीच्या. त्यांनी वाद घातला नाही. एका भट्टीतील माल घाईने बाहेर काढला गेला, हे त्यांनी मान्य केले. अडचण वेगळीच होती. पतपत्रातील माल चढवण्याची अखेरची तारीख चार दिवसांवर आली होती आणि पैसे मिळण्यासाठी लागणाऱ्या कागदांत भाच्याच्या सहीचे प्रमाणपत्र होते. त्या म्हणाल्या, तुम्ही आज सही करा, फळ्या आम्ही दोन दिवसांत बदलतो, बदलल्यावरच कंटेनर भरू. दुभाषी मुलगी हे सांगत असताना त्या भाच्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होत्या; वयाने मी मोठा म्हणून असेल. मागणी लाचेची नव्हती. त्या फळ्या बदलणार होत्या यावर माझा आजही विश्वास आहे. मी त्या जागी असतो तर सही केली असती का, याचे उत्तर मी स्वतःला देण्याचे टाळले.

भाच्याने 'नापास' असे लिहून सही केली. त्या रात्री, अमेरिकेत कचेऱ्या उघडल्यावर, त्याने खरेदीदाराला फोन केला आणि सगळे जसेच्या तसे सांगून मुदतवाढ मागितली. दुसऱ्या दिवशी पतपत्रात दुरुस्ती होऊन बारा दिवस मिळाले. त्यासाठी मालकीणबाईंना किमतीत काही सूट द्यावी लागली आणि जहाजावरील जागाही गेली. ४८० कपाटांच्या १९२० दर्शनी फळ्या एकेक करून मोजल्या गेल्या. तीनशेहून अधिक बदलाव्या लागल्या. खोकी पुन्हा फोडणे, पुन्हा बांधणे. कामगार बायका रात्रपाळीस थांबल्या. मी तेथे असेपर्यंत फेरतपासणी झाली आणि माल पास झाला. त्या दिवशी मालकीणबाईंनी आम्हाला कमळाच्या बियांचा चहा पाजला. त्या फारशा बोलल्या नाहीत. पुढची ऑर्डरही त्यांनाच मिळाली, असे भाच्याने नंतर कळवले.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने व्हिएतनामी मालावर २० टक्के आणि दुसऱ्या देशाचा माल व्हिएतनाममार्गे पाठवल्यास ४० टक्के कर जाहीर केला, तेव्हा त्याचा पुन्हा फोन आला. आता चिनी खणांवर व्हिएतनामी शिक्का मारून देणारे भेटू लागले आहेत, असे तो सांगत होता. आपल्याकडे याला प्रतिरूपक व्यवहार म्हणतात, अचौर्याणुव्रताचा अतिचार, हे मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, "मामा, शब्द मला नवा आहे, काम रोजचे आहे."

परत आल्यावर आक्काकडे गेलो होतो. तिने सगळे नीट ऐकून घेतले. रबराच्या झाडाचे तिला पटलेसे वाटले. सहीचे ऐकून तिने दोनदा मान हलवली. मग विचारले, "भट्टीत लाकडातले जीव मरत असतील ना?"

मी म्हणालो, हो. खोक्याखालच्या लाकडी चौकटींसाठी तर आंतरराष्ट्रीय नियमच आहे: लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर तीस मिनिटे तापवायचे, कीड मरावी म्हणून.

ती काही बोलली नाही. सूर्य मावळायला आला होता, म्हणून तिने मला लगेच जेवायला वाढले.