इंजिनाच्या तोंडची कडी

खेळातील वाफेच्या इंजिनाचे तोंड बहुधा खोटे असते. मागील बाजूस डबे जोडण्याची कडी असते आणि ती खरोखर काम करते. पुढे मात्र नुसता शोभेचा आकडा बसविलेला असतो. इंजिन पुढे आणि गाडी मागे, एवढेच चित्र आपल्या मनात असल्यामुळे त्यात कोणाला काही उणे वाटत नाही. परंतु खऱ्या इंजिनाला तोंडाकडूनही पुष्कळ काम करावे लागे. यार्डात वाघिणी ढकलणे, वळविण्याची सोय नसेल तेथे उलट्या तोंडाने गाडी ओढणे, जड गाडीसाठी दुसऱ्या इंजिनाशी जोडी करणे, ही सर्व कामे पुढील कडीची. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटात सदतीस फुटांस एक फूट असा चढ आहे. कर्जतहून वर जाणाऱ्या गाडीला मागून इंजिनाचा रेटा द्यावा लागतो, तो त्यामुळेच.

आमचे बिऱ्हाड दिल्लीच्या बाडा हिंदूराव भागात आहे. बाडा म्हणजे आपला वाडा, आणि हिंदूराव म्हणजे कागलचे घाटगे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. १८३५ साली विल्यम फ्रेझरचा खून झाल्यानंतर टेकडीवरील त्याचा बंगला त्यांनी घेतला. त्या जागी आज त्यांच्याच नावाचे रुग्णालय आहे. किशनगंज आणि सब्जी मंडी ही स्थानके येथून जवळच. माझ्या लहानपणी रात्रीच्या शांततेत वाघिणींचे बफर एकमेकांवर आदळल्याचा आवाज घरात ऐकू येई. तो आवाज आला की आई जागी होई. कारण माझे वडील एका यार्डात गाड्या जोडण्याचे काम करीत, आणि त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे त्या कामात गेलेली होती. त्याविषयी ते कधी बोलले नाहीत, आणि आम्हीही कधी विचारले नाही.

त्या काळी आपल्याकडे आकडा, मळसूत्री साखळी आणि दोन बाजूंचे दोन बफर अशी रचना सर्रास होती. जोडणाऱ्याने दोन वाघिणींच्या मध्ये शिरावे, वजनदार कडी उचलून आकड्यात घालावी आणि मळसूत्र पिळून घट्ट करावे. अंधार असो, पाऊस असो, पद्धत हीच. वास्तविक अमेरिकेत एली जॅनी याने १८७३ सालीच वाकविलेल्या बोटांनी एकमेकांत अडकणाऱ्या दोन पंजांसारख्या कडीचे पेटंट घेतले होते, आणि माणसाला मध्ये शिरावे लागू नये यासाठी तेथे १८९३ साली कायदाही झाला. आपल्याकडे तशी मधली कडी सावकाश आली.

निवृत्तीनंतर मी डब्ल्यू. पी. जातीच्या इंजिनाची प्रतिकृती पितळी पत्र्यातून केली. प्रमाण सत्त्याऐंशीस एक. बारा वर्षांची माझी नात सुटीत पुण्याहून आली, तेव्हा तिने ते न्याहाळून विचारले, "आजोबा, याला पुढून काहीच जोडता येत नाही का?" तिने कोथरूडचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहिलेले होते; तिची नजर तयार होती. मग आम्ही दोघे कामाला लागलो.

काम दिसते तितके सोपे नाही. आपल्या मोठ्या रुळांवरील रिकाम्या गाडीच्या बफरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून जास्तीत जास्त ११०५ मिलिमीटर उंच असतो. प्रतिकृतीत ते जवळजवळ पावणेतेरा मिलिमीटर होतात. बाजारात मिळणारी पंजाची कडी मात्र अमेरिकन गाड्यांच्या मापाची, म्हणजे सुमारे दहा मिलिमीटर उंचीवर बसणारी. तेव्हा ती बफरच्या आडव्या पट्टीखाली उतरवावी लागते, आणि तेथे तर पुढील चार लहान चाकांचा गाडा वळणावर डावीउजवीकडे फिरत असतो. कडी त्या गाड्यावरच बसवावी असा मोह होतो. पण मग मागे रेटताना सारा जोर त्या हलक्या गाड्यावर येऊन तो रुळावरून उतरतो. म्हणून कडीची पेटी मुख्य सांगाड्याशीच पक्की करावी, तिचा दांडा चाकांना न लागेल इतका आखूड करावा, आणि वळणावर इंजिनाचे नाक बाहेर झुकते त्या मानाने कडीला दोन्ही बाजूंस हलण्यास जागा ठेवावी. सरळ मार्गावर बारीक कमान तिला पुन्हा मध्यावर आणते. उंची डोळ्यांनी न ठरविता मापपट्टीने ठरवावी. केसभर फरकानेही चढावर कड्या सुटतात.

चौथ्या दिवशी दोन इंजिने समोरासमोर ठेवून नातीने एकास हळूच पुढे रेटले. बारीक आवाज झाला आणि कड्या अडकल्या. तिने इंजिन मागे ओढून पाहिले; दुसरे मुकाट्याने मागोमाग आले.

"म्हणजे मध्ये हात घालावाच लागत नाही?" तिने विचारले.

"नाही, बाळ," मी म्हणालो, आणि घरात इतकी वर्षे कोणी न बोललेली गोष्ट मी तिला सांगितली. तिने आपल्या पणजोबांना पाहिलेले नाही. भिंतीवरील तसबिरीत ते डावा हात पाठीमागे घेऊन उभे आहेत, ते का, हे तिला त्या दिवशी कळले.

संध्याकाळी तिने मातीचा एक माणूस केला, जेमतेम दोन सेंटिमीटर उंचीचा. डोक्याला पागोटे, हातात हिरवे निशाण. मला वाटले, ती त्याला दोन वाघिणींच्या मध्ये उभा करील. परंतु तिने त्याला रुळांपासून चांगला दूर ठेवला. जवळ जाऊन पाहिले, तेव्हा टाचणीने कोरलेली त्याची बोटे मला मोजता आली. ती दहा होती.