मोजपट्टी मुलांच्या हाती

मावळात जुलै लागला की आमच्या शाळेचा हजेरीपट विरळ होतो. आवणी सुरू झालेली असते. घरातले सगळे हात खाचरात लागतात, त्यात सहावी-सातवीची मुलंही आली. मळवली आणि कामशेतच्या मधल्या पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. भात लावून परतलेली मुलं दशांश अपूर्णांकापाशी अडखळायची, कारण तो धडा त्यांच्या मागे उरकलेला असायचा. पुन्हा शिकवायला वेळ कुठून आणायचा, या विचारात असताना शाळेमागच्या खाचरात एका आजींच्या हातातली दोरी दिसली.

आमच्याकडे बरेच शेतकरी चारसूत्री पद्धतीने भात लावतात. नायलॉनच्या दोरीवर 25 आणि 15 सेंटिमीटरवर आळीपाळीने खुणा केलेल्या असतात. खुणेपाशी दोन-तीन रोपांचा एक चूड लावायचा, ओळींतलं अंतरही तसंच 25 आणि 15 ठेवायचं. त्यामुळे चार-चार चूड जवळ येऊन 15 सेंटिमीटरचा चौकोन तयार होतो आणि त्याच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी चिखलात बोटभर खोल दाबायची. खत वाहून जात नाही, फेकून दिल्यापेक्षा कमी लागतं. डॉ. ना. कृ. सावंत यांनी रुजवलेली ही पद्धत मुलांच्या हातात मुरलेली होती आणि वहीत तिचा पत्ता नव्हता.

मी आजींना म्हटलं, "आजी, दोरी एक दिवस शाळेला द्याल का?"

"न्या की बाई, पर गुंता करून आणू नका. सोडवताना जीव जातोय," त्या म्हणाल्या.

व्हरांड्यातल्या फरशीवर आम्ही दोरी ताणली. चुडासाठी चिंचोके आणि गोळीसाठी लाल खडे घेतले. मी विचारलं ते एवढंच: एका गुंठ्याला गोळ्या किती लागतील? दुकानातून जास्त आणल्या तर पैसे वाया, कमी आणल्या तर चिखलातून उठून परत जायचं.

पहिला अर्धा तास नुसता गोंगाट होता. कुणी चिंचोके मोजत होतं, कुणी 25 आणि 15 ची सरासरी काढत होतं. मग सातवीतल्या एका मुलीने खडूने एक चौरस आखला आणि म्हणाली, "बाई, हे बघा, हे एवढंच परत परत येतंय." चाळीस बाय चाळीस सेंटिमीटर. त्यात चार चूड, एक गोळी. ती घरी रोज हेच करत होती, पण लावताना नजर पायापाशी असते. वरून पाहिल्यावर तिला नक्षी दिसली. एक चौरस मीटर म्हणजे दहा हजार चौरस सेंटिमीटर, त्याला सोळाशेने भागलं की सव्वासहा. गुंठा साधारण शंभर चौरस मीटरचा, म्हणजे 625 गोळ्या. एक गोळी सुमारे पावणेतीन ग्रॅमची धरली तर पावणेदोन किलोच्या आसपास खत. दशांश अपूर्णांक, क्षेत्रफळ, एककांचं रूपांतर, सगळं त्या फरशीवर आलं आणि 6.25 म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. "सहा गोळ्या आणि पाव," असं ती पोरं बोलत होती.

खरी मजा दुसऱ्या दिवशी आली. दोन मुलांचं भांडण लागलं. दहा मीटरच्या दोरीवर एक जण म्हणे पन्नास चूड, दुसरा म्हणे एक्कावन्न. दोघांनीही मोजलं होतं. मी उत्तर दिलं नाही, आजींकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, "बांधाला चिकटून कोण लावतंय व्हय? अर्धी जागा सोडायची." म्हणजे बांधापाशी अंतर सोडलं की पन्नास, आणि पहिला चूड थेट टोकाला लावला की एक्कावन्न. खांब आणि त्यांमधल्या मोकळ्या जागा यांचा हा हिशेब शिष्यवृत्तीच्या परीक्षेत हमखास विचारतात. पुस्तकात तो खांबांचा असतो, आमच्याकडे तो आवणीचा झाला आणि पक्का बसला.

तेव्हापासून माझं मत ठाम आहे. वर्ग रंगवणं, तक्ते टांगणं, तोरणं लावणं, याला माझा विरोध नाही, पण त्यावर जेवढी शक्ती खर्च होते तेवढं त्यातून मिळत नाही. मुलांच्या हातात मोजायचं साधन द्यावं आणि ज्याचं उत्तर कुणाला तरी खरोखर हवं आहे असा प्रश्न द्यावा. शिक्षण हक्क कायद्याच्या 29 व्या कलमात कृतीतून आणि शोधातून शिकण्याची अपेक्षा लिहिलेली आहेच. ती अपेक्षा पुरी करायला मावळाइतकी सोयीची जागा दुसरी नसेल. इथे दोन हजार वर्षांची लेणी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

भाजे लेण्यांची सहल आमच्याकडे दरवर्षी निघते. ती पायऱ्या चढायच्या, रांगेत उभं राहायचं, डबा खायचा आणि उतरायचं, अशी व्हायची. इतिहासाच्या तासाला 'लेणी' म्हटलं की मुलं "बौद्धकालीन, दगडात कोरलेली" एवढं म्हणून गप्प. एका वर्षी मी गवंडीकाम करणाऱ्या एका पालकांकडून चार ओळंबे मागून आणले. दोरीला लोंबणारं ते लोखंडी वजन बहुतेक मुलांनी घरी पाहिलेलं. चैत्यगृहात शिरण्याआधी एकच काम सांगितलं: खांबाला हात न लावता, त्याच्या शेजारी ओळंबा धरा आणि खांब सरळ आहे का ते सांगा.

आत गेल्यावर कुजबुज सुरू झाली. "बाई, वाकडाय." "माझाबी वाकडाय." "आपला ओळंबा हलतोय का?" चारही गटांनी ओळंबा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरला. बाजूचे अष्टकोनी खांब वर जाता जाता आत झुकलेले आहेत, हे चारही गटांना दिसलं. मग प्रश्न त्यांचेच सुरू झाले. कारागिराचा हात चुकला का? एवढे सगळे खांब एकाच बाजूला कसे चुकतील? खांब कलले तर छप्पर पडत कसं नाही? छप्पर तर डोंगरच आहे!

मी त्यांना आमच्या जुन्या गोठ्याची आठवण दिली. लाकडी कमानीचं छप्पर भिंतींना बाहेर ढकलतं, म्हणून खांब आत कलते रोवतात. भाजे लेणी इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरली गेली, तेव्हा कारागिरांच्या डोळ्यांसमोर लाकडी बांधकामंच होती. दगडात कलण्याची गरज नव्हती, तरी त्यांनी लाकडाची रीत दगडात उतरवली. छताला लाकडी फासळ्याही बसवल्या.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही कार्ल्याला गेलो. एकवीरा आईच्या दर्शनाची गर्दी टाळायला मंगळवार-शुक्रवार सोडून वार निवडला. तेच ओळंबे, तोच प्रश्न. इथे खांब सरळ. एवढ्यावरून कोणतं लेणं आधीचं, हे मुलांनी स्वतः ठरवायचं होतं. एक मुलगा म्हणाला, "भाजंवाल्यांना दगडाचा भरवसा नव्हता, कार्लंवाल्यांना आला." अभ्यासक हाच क्रम मांडतात, कार्ल्याचं चैत्यगृह नंतरचं. पाठ करून लिहिलेल्या दहा ओळींपेक्षा त्याचं ते एक वाक्य मला मोलाचं वाटतं, कारण त्यात पुरावा होता, तुलना होती आणि निष्कर्ष होता.

कार्ल्याला शिलालेख आहेत. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केल्याचा लेख आहे, धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या खांबांवर त्यांची नावं आहेत, आणि सामी नावाच्या एका सुताराने दाराचं काम केल्याची नोंद आहे. ज्याचे वडील सुतारकाम करतात तो मुलगा त्या अक्षरांपाशी बराच वेळ रेंगाळला. शाळेत परतल्यावर ब्राह्मी वर्णमालेचा तक्ता फळ्यावर काढला आणि प्रत्येकाने आपलं नाव ब्राह्मीत पुठ्ठ्यावर लिहिलं. 'क' म्हणजे अधिकचं चिन्ह, 'ग' म्हणजे घराचं छप्पर, असं म्हणत दोन दिवसांत वर्ग एकमेकांना ब्राह्मीत चिठ्ठ्या लिहू लागला. लोहगडावर, विसापुरावर बुरुजांवर खिळ्याने कोरलेली नावं मुलांनी पाहिली आहेत. आता ती नावं पाहून आमची मुलं चिडतात, आणि त्यांनी चिडावं असंच मला वाटतं.

सगळ्याच गोष्टींना इतका वेळ देता येत नाही. गुणोत्तराचा धडा घाटातल्या रेल्वेवर उरकतो. बोरघाटातून 1863 साली गाडी सुरू झाली, त्या मार्गाचा तीव्र चढ 37 ला 1. मैदानात सदतीस फूट सुतळी ताणून टोकाला फूटभर विटा रचल्या की मुलं म्हणतात, "एवढासाच?" मग कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं का जोडतात, गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक का घसरतं, यावर बोलणं निघतं. तळेगावचा काच कारखाना 1908 साली पैसा फंडातून उभा राहिला. माणशी एक पैसा, रुपयाचे चौसष्ट पैसे, मग शंभर रुपये जमायला किती माणसं लागतील, हा दहा मिनिटांचा तोंडी हिशेब. अरविंद गुप्तांच्या पद्धतीने आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी वापरून त्रिकोण-चौकोन करतो. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही, आणि मग विजेच्या मनोऱ्यांकडे मुलं वेगळ्या नजरेने पाहतात. खर्च एका आगपेटीचा.

पावसाचा उपक्रम मात्र वर्षभर पुरतो. शीतपेयाची दोन लिटरची बाटली वरून कापायची, तोच भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा. तळ खडबडीत असतो म्हणून खाली खडे आणि पाणी घालून तिथे शून्याची खूण करायची, बाजूला पट्टी चिकटवायची. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला नोंद. पहिल्याच आठवड्यात वाद झाला, की रुंद डब्यात जास्त पाऊस जमा होईल. उभ्या कडांचा डबा आणि बाटली शेजारी ठेवली. पाण्याची उंची सारखीच निघाली. पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात, हे मला सांगावं लागलं नाही.

ज्यांची आत्या लोणावळ्यात आणि मामा तळेगावात, त्यांनी तिथेही बाटल्या लावून घेतल्या आणि रोज फोनवर आकडे आणले. लोणावळ्याची बाटली काही दिवशी सकाळीच भरून वाहायची, त्याच दिवशी तळेगावात तळ जेमतेम झाकलेला. तीन रंगांच्या तीन रेघांचा आलेख भिंतीवर चढला. घाटमाथ्यावर ढग अडतात आणि पुढे पूर्वेला पाऊस ओसरत जातो, हे वाक्य भूगोलाच्या पुस्तकात आहे. आमच्याकडे ते आत्या आणि मामांनी सांगितलं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. लोणावळ्याचं पाणी टाटांनी घाटाखाली खोपोलीला सोडून 1915 पासून मुंबईला वीज दिली, हेही त्याच आलेखासमोर शिकवलं.

त्यावर सहावीतल्या एका मुलाने विचारलं, "मग आपल्या वाडीला मे महिन्यात टँकर का येतो?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे पुस्तकातलं होतं, पण मुलांनी स्वतः हिशेब करावा असं मला वाटलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वर्गाचं छप्पर पावलांनी आणि मग टेपने मोजलं: 12 मीटर बाय 6 मीटर, 72 चौरस मीटर. आमच्या नोंदीत एका दिवशी 150 मिलिमीटर पाऊस होता. 72 गुणिले 150, दहा हजार आठशे लिटर. वर्गात क्षणभर कुणी बोललं नाही, मग एकदम सगळे बोलू लागले. दहा हजार लिटरचा टँकर सगळ्यांनी पाहिलेला. एका दिवसात, एका छपरावरून, एका टँकरहून जास्त पाणी ओढ्याला गेलं होतं.

मुलांनी तो हिशेब एका कागदावर नीट मांडला, बाटलीतल्या नोंदींचा तक्ता जोडला आणि ग्रामसभेत वाचून दाखवायची परवानगी मागितली. वाचणाऱ्या मुलीचा आवाज सुरुवातीला थरथरत होता, पण आकड्यांपाशी आल्यावर ठणठणीत झाला. मागे बसलेल्या एका काकांनी विचारलं, "पत्र्यावरची धूळ, पानं येतील त्याचं काय?" तिच्याकडे उत्तर होतं: पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, पन्हाळीच्या तोंडाला जाळी लावायची, आणि हे पाणी प्यायला नाही, ताटं धुवायला, शौचालयाला, झाडांना वापरायचं. गावातल्या एकाने जुनी प्लास्टिकची टाकी दिली, पन्हाळीचे पाइप पालकांनी बसवले. टाकी दोन हजार लिटरची आहे, एका जोरदार सरीत भरते आणि वाहू लागते.

यंदा मुलांचा प्रश्न वेगळा आहे. पाऊस थांबल्यावर टाकी किती दिवस पुरते, याची त्यांनी नोंद सुरू केली आहे. ताटं धुवायला रोज किती बादल्या लागतात, ते दोन जण पाळीने मोजतात. पोषण आहाराच्या ताई त्यांच्यावर वैतागल्या होत्या, आता त्याच "आज सात झाल्या गं, लिहिलंस का?" म्हणून हाक मारतात. दुसरी टाकी मागायची असेल तर ती किती मोठी हवी, हे पुढच्या ग्रामसभेच्या आत काढायचं आहे.