बीपीच्या गोळ्यांचा डबा

त्र्यंबकेश्वरात आमच्या पिढीच्या घरोघरी, देवळीत एक पत्र्याचा डबा असायचा. मूळचा बिस्किटांचा. झाकण सैल झालं की काठाला सुतळी गुंडाळायची, पण डबा टाकायचा नाही. पावसाळ्यात ब्रह्मगिरी दिवसेंदिवस ढगात, भिंतींना ओल, म्हणून आत तांदळाची पुरचुंडी. आजोबांच्या गोळ्या, काकूच्या गोळ्या, आत्याच्या गोळ्या, सगळ्या तिथेच. दिवेलागणीला हाक यायची, "बीपीची गोळी घेतली का?"

ती गोळी बरेचदा अ‍ॅडेल्फेन. तिच्यातलं रेसर्पिन मूळचं सर्पगंधेच्या मुळीतलं, त्यामुळे जुन्या माणसांना ती आपलीच वाटे. आणि ती होतीही आपली. सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं.

बीपी म्हणजे छातीचं दुखणं, असा सगळ्यांचा समज. पण रक्तवाहिन्या किती आवळायच्या, हृदयानं किती जोर लावायचा, हा हुकूम मेंदूच्या बुडाशी सुटतो. तो पुढे पोचवायला मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन साठवलेलं असतं. रेसर्पिन ते कोठार भरूच देत नाही. हुकूम सुटतो, पण पोचवायला काही शिल्लक नसतं. वाहिन्या सैलावतात, दाब उतरतो, नाकही चोंदतं. कोठारं मेंदूतलीही रिकामी होतात. म्हणून ती पेंग. डोस जास्त झाला तर काहींचं मनही उदास व्हायचं. आमची आत्या, जिच्या ओव्यांनी जातं चालायचं, ती महिनोन्‌महिने भिंतीला टेकून गप्प बसून असे. "वय झालं," असं घर म्हणायचं. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि काही आठवड्यांनी ती स्वतःहून कुशावर्त कुंडावर निघाली. त्या काळी अशी गप्प झालेली माणसं किती घरांत असतील, या विचारानं आजही जीव तुटतो.

पुढे क्लोनिडीन आलं. दुकानात मागायचं ते 'आर्कामिन'. हे कोठाराला हात लावत नाही, मेंदूच्या बुडाशी जाऊन हुकूमच कमी सोडायला लावतं. तोंडाला कोरड पडे, म्हणून काकूच्या कनवटीला खडीसाखर. मात्र ही गोळी एकदम बंद केली, तर दाब उसळी मारून वर जातो. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेची माणसं ओसरीपासून माजघरापर्यंत झोपलेली असत. त्या गर्दीत चुलीपुढून न हलणाऱ्या काकूला कुणीतरी हातात पाणी देऊन गोळी घ्यायला लावी. चूल थांबली तरी चालेल, गोळी चुकायची नाही.

आता डब्यातली नावं बदलली. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन वाहिन्यांवरच काम करतात. पण त्या जुन्या घराण्यातली मिथाइलडोपा अजून टिकून आहे. पोटुशी बाईचं बीपी वाढलं की डॉक्टर आजही ती देतात, कारण तिचा अनुभव मोठा आणि बाळालाही ती सोसते. टेल्मिसार्टन मात्र त्या दिवसांत चालत नाही, हे घरातल्या प्रत्येक सासूला ठाऊक असायला हवं.