उठलेले पाखरू आणि बसलेले कुत्रे

सौंदडच्या शिवारातले धान खळ्यावर गेले, बांध्या मोकळ्या झाल्या आणि धुऱ्यांवरचे गवत पिवळे पडू लागले, म्हणजे माझ्या कामाचा हंगाम सुरू होतो. एका बाजूने नागपूर–रायपूरचा हमरस्ता, दुसऱ्या बाजूने गोंदियाहून नागभीडकडे जाणारी एके काळची छोटी लाइन, आणि या दोहोंच्या पलीकडे पसरलेल्या बोड्या व मालगुजारी तलाव, अशा या मुलखात स्पॅनियल जातीची कुत्री वळवण्याचा उद्योग कोणी करील, हे ऐकणाऱ्याला सहसा खरे वाटत नाही. येथे कुत्रे पाळले जाते ते खळ्याच्या राखणीसाठी. लांब कानांचे, रेशमी केसांचे, विलायती वळणाचे जनावर चिखलात घालून त्याला शिट्टीच्या इशाऱ्यावर उठवणे-बसवणे हा लोकांच्या दृष्टीने रिकामटेकड्याचा छंद होय, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे आहे असे मी तरी शपथेवर सांगणार नाही.

तथापि या विद्येला एक इतिहास आहे. स्पॅनियलचे काम वर्णन करण्यास सोपे आणि करवून घेण्यास अत्यंत कठीण आहे. मालकाच्या पुढे, बंदुकीच्या टप्प्याच्या आत, म्हणजे साधारणतः तीस पावलांवर, त्याने डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे नागमोडी फिरत झुडूप न् झुडूप हुंगावे. दडलेले पाखरू उठवावे. आणि ते उठताक्षणी जेथे असेल तेथे बूड टेकून बसावे. बार होईल, पाखरू पडेल, ते कोठे पडले हे त्याने नजरेत धरून ठेवावे, पण हुकूम मिळाल्यावाचून हलू नये. आणि हुकूम मिळाला की जाऊन ते अलगद तोंडात धरून आणून मालकाच्या हाती द्यावे. यातील हुंगणे, उठवणे, आणणे हे सर्व कुत्र्याच्या रक्तात आहे. ते शिकवावे लागत नाही, फार तर वळणावर आणावे लागते. रक्ताच्या विरुद्ध आहे ते केवळ बसणे, आणि शिकवणाऱ्याचे सारे आयुष्य त्या एका गोष्टीत खर्ची पडते.

आमच्या गावचा एक वृद्ध ढिवर पाळीवर बसून हा प्रकार बराच वेळ न्याहाळत असे. माझी चिमी नावाची काळी कॉकर कुत्री बेशरमीच्या जाळीत शिरली, तिच्या पुढ्यातून एक लावा भुर्रकन उठला, आणि चिमी त्याच पावली मटकन खाली बसली, तेव्हा त्याला राहवले नाही. "भाऊ," तो म्हणाला, "पाखरू उडते आन् तुमची कुत्री खाली बसते. मंग तिले पोसता कायले?" "बसाव म्हणूनच पोसतो, मामाजी," असे मी म्हणालो खरा, परंतु त्या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर बंदुकीच्याही पूर्वीच्या काळात सापडते. केंब्रिजचा वैद्य जॉन कीझ याने १५७० साली इंग्लंडमधील कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात भूमीवर आणि पाण्यात काम करणारी स्पॅनियल कुत्री वेगवेगळी वर्णिली आहेत. त्या काळी पाखरू धरले जाई ते ससाण्याने किंवा जाळ्याने. जाळ्याच्या शिकारीत कुत्र्याने तित्तरांचा थवा हुंगून काढावा आणि मग जमिनीसरसे दबून पडावे, म्हणजे त्याच्या अंगावरून जाळे फेकता येई. आमच्या इकडचे फासेपारधी पाळीव तित्तराला बोलते करून रानातले तित्तर फाशात ओढीत. साधन निराळे, परंतु झेप घालण्याऐवजी थांबून राहण्यात शिकाऱ्याचा लाभ आहे ही जाण दोहींकडे सारखीच. बंदुकीचा अंमल सुरू झाल्यावर दबून पडण्याचे कारण बदलले, कारण उठलेल्या पाखरामागे धावणारे कुत्रे बंदुकीच्या आड येते आणि पुढची पाखरे उधळून लावते. पण सवय टिकली.

या सवयीची जाहीर परीक्षा घेण्याची कल्पना मात्र पुष्कळ उशिराने निघाली. पॉइंटर व सेटर यांच्या मैदानी चाचण्या बेडफर्डशायरमधील साउथहिल येथे १८६५ सालीच झाल्या होत्या. उघड्या माळावर ऐटीत उभे राहणारे ते उमदे जनावर दुरून सर्वांना दिसे. स्पॅनियल काट्याकुट्यात घुसणारे, चिखलाने माखलेले, निम्मा वेळ नजरेआड असणारे. त्याची पारख मैदानात कशी करायची, हाच अनेकांना प्रश्न पडला असावा. अखेरीस १८९९ च्या जानेवारीत डर्बिशायरमधील सटन स्कार्सडेल येथे विल्यम आर्कराइट याच्या जमिनीवर स्पोर्टिंग स्पॅनियल मंडळींनी पहिली चाचणी भरवली. हा आर्कराइट म्हणजे सूतकताईच्या यंत्राने कीर्ती व संपत्ती मिळवणाऱ्या रिचर्ड आर्कराइटचा वंशज. ज्या घराण्याच्या यंत्रांच्या सुताने पुढे भंडाऱ्याच्या कोष्ट्याचा माग मंदावला, त्याच घराण्याच्या रानात माझ्या विद्येचे पहिले पंच उभे राहिले, ही गोष्ट मी कोष्टी मित्रांच्या बैठकीत सहसा काढीत नाही.

पुढची घडामोड बहुतांशी प्रांतोप्रांतीच्या मंडळांनी केली. इंग्लंडच्या केनेल क्लबने १९०२ साली स्प्रिंगरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. तत्पूर्वी एकाच वेतातील पिल्लांपैकी पंचवीस पौंडांच्या आतले ते कॉकर आणि वरचे ते निराळे, असा वजनकाट्यावरचा न्याय चालत असे. आरंभीच्या चाचण्यांत जड, संथ, पांढऱ्या अंगाचे क्लंबर बऱ्यापैकी नाव मिळवीत. परंतु वेगवान स्प्रिंगर आले आणि पहिल्या महायुद्धापूर्वीच त्यांनी मैदान आपलेसे केले. १९२४ साली न्यूयॉर्क राज्यातील फिशर्स आयलंड या बेटावर स्प्रिंगरची चाचणी झाली आणि अमेरिकेतही ही प्रथा रुजली. दोन्ही महायुद्धांत इंग्लंडातील चाचण्या बंद पडल्या. त्याहून विलक्षण आघात झाला तो एका रोगाचा. १९५३ साली मिक्सोमॅटोसिस ब्रिटनमध्ये शिरला आणि दोनतीन वर्षांत तेथील शंभरातील नव्वदांहून अधिक ससे मरून गेले. स्पॅनियलच्या चाचणीचा निम्माअधिक डोलारा सशावर उभा होता. पायाजवळून सुसाट पळणाऱ्या सशाकडे पाहत बसून राहणे ही कुत्र्याची सर्वांत अवघड परीक्षा. ती एकाएकी दुर्मीळ झाली आणि मंडळांना पाळीव वाढवून रानात सोडलेल्या फेझंट पक्ष्यांवर भिस्त ठेवावी लागली.

या मंडळांची आणखी एक खुबी ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांच्यापाशी दफ्तर असते, ढाली-पेले असतात, नियमांची पुस्तिका असते; जमीन मात्र नसते. चाचणी भरते ती कोणा जमीनदाराच्या कृपेने, त्याच्या रानात, त्याच्या पाखरांवर. आणि चिटणिसाची खरी कामगिरी म्हणजे वर्षभर अदबीने पत्रे लिहून चार जागा मिळवणे. जागा थोड्या म्हणून कुत्रीही थोडी. अर्ज अधिक आले तर चिठ्ठ्या टाकून नावे काढतात. प्रत्यक्ष चाचणीत दोन कुत्री एकाच वेळी, रांगेच्या डाव्या व उजव्या अंगाला, आपापल्या पंचापुढे चालतात. मग पंचांची अदलाबदल होते. कुत्रे विनाहुकूम धावले, पाठलाग केला, भुंकले वा केकाटले, दडलेले पाखरू टाकून पुढे गेले, की तेथेच त्याचा निकाल लागतो. गुण मिळवण्याच्या वाटा पुष्कळ आहेत, परंतु बाद होण्याच्या त्याहून अधिक. आणि बाद करणारी कलमे वाचली तर त्यांतील बहुतेक अनावर होण्याविषयीची आहेत. परीक्षा शिकारीची म्हणून भरते. मोजला जातो तो संयम. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म हेच होय.

कुत्र्याने आणलेले पाखरू पंच कसे तपासतो, हे पाहण्यासारखे असते. तो ते तळहातावर उताणे घेतो, डोके पुढे करतो आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत दोन्ही कुशींच्या बरगड्या अजमावतो. बरगड्या कमानीसारख्या ताठ लागल्या तर ठीक. एका अंगाने चुरा झाल्या असतील तर कुत्र्याचे तोंड कठोर ठरते व त्याची कारकीर्द बहुधा त्या दिवशी संपते. निर्णयापूर्वी ते पाखरू मालकाच्याही हाती देऊन त्याला बरगड्या चाचपू देतात. पुष्कळ न्यायालयांत पुरावा इतक्या सौजन्याने दाखवला जात नसेल.

आता आमच्या मुलखाकडे येतो. मध्यप्रांताच्या काळी साहेबलोक हिवाळ्यात धानाच्या ओल्या बांध्यांतून पाणलावे मारीत फिरत आणि स्पॅनियल बाळगीत. उन्हाळा लागला की ती कुत्री गोचिडांच्या तापाने आणि उष्म्याने दगावत. १९१२ च्या पक्षी-प्राणी संरक्षण कायद्याने विणीच्या हंगामात बंदीची मुदत ठरवण्याची सोय केली. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, पण लहान शिकारीच्या परवान्याचे कलम त्यातही शिल्लक होते. १९९१ च्या दुरुस्तीने तेही गेले. योग्यच झाले. येथून जवळच असलेल्या नवेगावबांधला मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते. त्यांच्या लेखणीने ज्या तलावांवरची पाखरे घराघरांत नेली, तेथे बंदुकीचा बार ऐकू यावा अशी इच्छा मला कधी झाली नाही. २०१३ पासून तो सगळा टापू नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात मोडतो.

मग बंदूक नसताना ही विद्या कशाला? माझे उत्तर असे की, बंदूक गेल्याने विद्येचा जो भाग गळाला तो कुत्र्याचा नव्हताच. आम्ही चारसहा माणसे, ज्यांच्यापाशी ना दफ्तर ना पावतीपुस्तक, हिवाळ्यात एकत्र जमतो आणि एकमेकांची कुत्री चालवून पाहतो. रानातल्या पाखरावर कुत्रे बुद्ध्या घालायचे नाही, हा पहिला दंडक. झुडपाआड पेटी ठेवून दोरीच्या हिसक्याने पाळीव कबुतर उडवतात. कबुतर गावावर एक घेर घेऊन आपल्या खुराड्याकडे परत जाते आणि कुत्र्याने मात्र ते दिसेनासे होईपर्यंत बसून राहायचे. जुन्या धोतराच्या जाड पिशवीत धानाचे तूस भरून, तिला कोंबडीची पिसे बांधून केलेली डमी दूर फेकतात, आणि ती शोधून आणण्याचा हुकूम शक्य तितका लांबवतात. तोंडाची पारख कोंबडीच्या अंड्याने होते. अंडे न फोडता आणणारे कुत्रे बरगडीही मोडणार नाही, असा आमचा अंदाज. इंग्रज पंचांना तो मान्य होईलच असे नाही. आणि खरा लावा आपणहून उठला, जसा त्या दिवशी चिमीपुढे उठला, तर ती पेटीतल्या कबुतराहून शतपट मोलाची परीक्षा आयतीच होते.

काळजी घ्यावी लागते ती निराळ्याच गोष्टींची. जंगलाच्या कडेला आम्ही जात नाही, कारण कुत्र्यांचा डिस्टेंपर रानातल्या मांसाहारी जनावरांना लागू शकतो. लस टोचल्याचा दाखला असल्यावाचून कोणाचेही कुत्रे आमच्या रांगेत उभे राहत नाही. सूर्य कलण्यापूर्वी काम आटोपते, कारण या भागातल्या बिबट्याला कुत्र्याची चव ठाऊक आहे. घरी आल्यावर कंदिलाशी बसून प्रत्येक कान उलटा करून पाहायचा, बोटांच्या बेचक्या चाचपायच्या. धुऱ्यावरचे कुसळ कानाच्या केसांत अडकले आणि आत सरकले तर ते मागे येत नाही, पुढेच जाते, आणि आठ दिवसांनी कुत्रे मान वाकडी करून फिरू लागते. गोचीड चिमट्याने, मुळाशी धरून, न पिळता काढायचे. या कामात ऐट मुळीच नाही, आणि म्हणूनच की काय, हौशी मंडळी येथवर टिकत नाहीत.

हौशी मंडळींविषयी एवढेच सांगतो की, प्रदर्शनाचे कॉकर आणि कामाचे कॉकर या आता नावापुरत्याच एक जाती उरल्या आहेत. एकाचे कान जमिनीला टेकतात, केस दररोज विंचरावे लागतात. दुसऱ्याचे कान आखूड, कपाळ सपाट, अंग हलके, आणि डोळ्यांत सदैव काहीतरी चुकल्यासारखी अधीरता. नागपूरच्या सदनिकांत पहिला प्रकार हमखास आढळतो आणि पाठवला जातो तो आमच्याकडे, शिस्त लावण्यासाठी. बिचाऱ्याचे नाक अजून शाबूत असते. लोक म्हणतात तेवढे ते बिघडलेले नसते. पाणलाव्याच्या जागेवरून एकदा वास घेतला की त्या गादीवर वाढलेल्या जनावराची शेपटी ज्या वेगाने हलू लागते, तो वेग त्याच्या मालकाने पूर्वी पाहिलेला नसतो. विमानतळांवर आणि दिल्लीच्या मेट्रोत केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल कॉकर बाळगते ते याच नाकापायी, आणि सामान सापडल्यावर त्याला पंजा न लावता शांत बसण्याची जी तालीम त्यांना मिळते, ती पाहून जाळ्याच्या काळातला शिकारी आपले कुत्रे ओळखील.

पाण्याची परीक्षा मात्र आमच्याकडे अडते. इंग्लंडात मैदानी विजेता ही पदवी मिळण्यापूर्वी स्पॅनियलला पाण्यात उतरून वस्तू आणण्याचा दाखला मिळवावाच लागतो. बर्फाळ ओढ्यात उडी घेण्यास नकार देणारे कुत्रे कितीही देखणे काम करो, बाद. आमच्या बोड्यांना पावसाळा सरता सरता काठोकाठ पाणी असते, पण तेव्हा त्यांत शिंगाडा पसरलेला असतो, आणि वेलांतून पोहणारे कुत्रे ढिवर सोसायटीच्या वर्षाच्या कमाईत पाय घालते. शिंगाडा निघेपर्यंत कोणी कुत्रे पाण्यात घालायचे नाही असे ठरले आहे. तो निघाला की अडई व हळदीकुंकू बदके उतरलेली असतात, तेव्हा त्यांना त्रास नको. ती गेली की पाणी गुडघ्याएवढे उरते. तरीही माघाच्या शेवटी, एखाद्या लहान बोडीत पाखरे नसताना, चारआठ दिवस मिळतात. त्यासाठी मला दरवर्षी सोसायटीच्या अध्यक्षाकडे जाऊन परवानगी मागावी लागते, आणि ते दरवर्षी तीच अट घालतात: डमी फेकायची तर पाळीच्या पूर्वेकडून फेका, पश्चिमेला जाळी वाळत घातलेली असतात.